न हुंगलेलं तूप

महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीवर घरच्या लोण्याचंच तूप पडलं पाहिजे, असा माझ्या सासरी नियम आहे. विकतचं तूप माणसांना चालतं, देवीला चालत नाही. त्यामुळे श्रावण सरत आला की धारच्या घरी साय साठायला लागते. म्हशीच्या दुधाची जाड साय, रोज एक थर, खाली विरजणाचा चमचा, आणि डबा फ्रिजमध्ये. हे काम सासूबाई कुणाच्या हाती देत नाहीत. गेल्या भाद्रपदात मात्र त्या डब्यातल्या सायीवर त्यांचं राहतं घर पणाला लागलं होतं.

सासरे गेल्यापासून त्या धारला एकट्याच राहत होत्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली भाडेकरू. आम्ही देवासला, नवरा कारखान्यात, मी शाळेत शिकवते. नणंद पीथमपुरला, तिच्या नवऱ्याची शिफ्टची नोकरी. सासूबाईंच्या घराण्यातली माणसं एकेकाळी संस्थानच्या कचेरीत होती. माझे वडील खानदेशातून नोकरीसाठी देवासला आलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रागावल्या की त्या मला ‘कंपनीवाल्यांची’ म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना ‘सरकार’ म्हणते, त्यामुळे आमची फिट्टंफाट होते.

उन्हाळ्यात खालच्या भाभींचा फोन आला होता. “दीदी, सीढ़ी में गैस की बास आ रही थी. मैं ऊपर गई तो चूल्हा बंद पड़ा था, पर खटका खुला था. माँसाब वहीं बैठे मटर छील रहे थे.” दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या. उन्हाळ्यात कसले मटार, हे मी विचारलं नाही. मालव्यात शहाणी बाई थंडीतच मटार घेऊन शेंगांसकट फ्रीजरमध्ये टाकते. त्यानंतर नणंद एकदा धारला गेली, तर ओट्याखाली करपलेलं पातेलं दडवलेलं सापडलं. मग तिची खात्रीच पटली. तिच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. आधी गॅस विसरायला लागले, मग रस्ता, मग माणसं. त्यांचं सगळं तिनेच केलं होतं, त्यामुळे तिची भीती खोटी नव्हती. ती रोज आईला फोन करून गप्पांच्या मध्येच विचारायची, “आई, आज वार कोणता गं?”

सासूबाई वार सांगत, तिथी सांगत, वर तुझ्या सासूचा आज उपास असेल हेही सांगत. तरी नणंदेचं समाधान होईना. शेवटी तिने आणि माझ्या नवऱ्याने ठरवलं, आईला देवासला आणायचं, धारचं घर बंद करायचं. हे सांगायला नवऱ्याने फोन लावला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक मी करीन. लोणी काढण्यापासून. कुणी हात लावायचा नाही. माझ्या हातून एक जरी चूक झाली तर मी आपण होऊन तुमच्याकडे येईन. नाही झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

नवऱ्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या जिंकायला हव्या होत्या, हे मी इथे सरळ सांगून टाकते. त्यात त्यांच्याबद्दलची माया होतीच. पण आमचं देवासचं घर लहान, माझी सकाळची शाळा, आणि त्यांचं सोवळं गेल्या काही महिन्यांत असं वाढलं होतं की विचारता सोय नाही. पूर्वी सोवळं म्हणजे सणावारी. आता रोजचा वरणभातसुद्धा देवाचा झाला होता. आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर “नैवेद्य दाखवायचाय, मी चाखत नाही.” भाजी लागली वाटतं म्हटलं, तर “देवाच्या अन्नाचा वास घेऊ नये, तुला शिकवलं नाही कुणी?” हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात रोज, या कल्पनेनेच माझं डोकं दुखायचं.

आवाहनाच्या दिवशी सकाळच्या बसने मी धारला पोचले. नणंद आधीच आलेली होती. घरात शिरताच अंगावर वारा आला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पावसाची झड आत येऊन फरशी ओली झाली होती आणि दाराशी पायपुसण्यांची रांग होती.

“आई, खिडक्या लावू का?” मी विचारलं.

“राहू देत. मला घुसमटतं,” त्या म्हणाल्या.

त्या रेशमी सोवळं नेसून ओट्यापाशी उभ्या होत्या. सायीचा डबा रात्रीच बाहेर काढून ठेवलेला. आम्हा दोघींना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायला बंदी. नणंदेने उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली आणि परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारखी बसून राहिली. मी तिच्या पायाशी पत्री आणि फुलं निवडत बसले.

तेवढ्यात मला दुर्गंधी आली. आधी वाटलं बाहेरून येतेय. मग नणंदेने पदर नाकाला लावला आणि बोट दाखवलं. ओट्याखालच्या टोपलीत बटाटे सडले होते. सडक्या बटाट्याचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. माणूस घर सोडून पळतो. आणि सासूबाई त्या टोपलीपासून हातभर अंतरावर उभ्या राहून शांतपणे पातेल्यात साय ओतत होत्या. याच बाई पूर्वी शेजारच्या घरात कांदा लागला तर इथे बसून सांगायच्या.

“आई, तिथे बटाटे सडलेत,” नणंद म्हणाली.

त्यांचा हात जरासा थांबला. “दिसलेत मला. सोवळ्यात कशी हात लावू? नंतर टाकते.”

नणंद माझ्याकडे वाकली. “वहिनी, बघितलंस? आधी असं कधी झालं असतं? मला खरंच डर वाटतो गं.”

मी टोपली ओढून घेतली आणि खाली नेऊन टाकली. जिना चढताना काहीतरी जुळत नव्हतं. ही बाई तिथी-वार चुकत नाही. मी आल्या आल्या तिने मला माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं होतं, तेही विषयासकट. मग नाकासमोरचे बटाटे तेवढे कसे विसरली?

वर आले तर घुसळण सुरू झालेली. सासूबाई मिक्सर वापरत नाहीत. खोल पातेलं दोन पायांमध्ये धरून लाकडी रवीने घुसळायचं, ही त्यांची पद्धत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना त्यांनी मला अशीच शेजारी बसवून शिकवली होती. तेव्हा मी पातेल्यात डोळे घालून बसायचे, तर म्हणायच्या, “डोळ्यांनी काय बघतेस? नाकाने बघ. आंबूस वास गेला आणि गोडसर आला, की समज लोणी येतंय.” तूप कढवतानाही तेच. खमंग वास सुटला रे सुटला की गॅस बंद, मग घरात कुणी मेलं का जगलं बघायचं नाही. तेव्हा तर त्या बोट पुढे करून मलाच हुंगायला लावत.

आता मी उंबऱ्यावरून मान पुढे केली तर त्यांनी पातेलं मागे ओढलं. “हुंगू नकोस. देवाचं आहे.”

लोणी येईना. हवा दमट, साय नुसती फुगून पातेल्याच्या कडांना चिकटत होती. त्यांनी गार पाणी घातलं. पुन्हा घुसळलं. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. नणंद खुर्चीवर पुढे सरकली. “आई, विरजण घातलं होतंस ना?”

“घातलं होतं.”

“नक्की?”

सासूबाईंनी रवी थांबवली आणि लेकीकडे बघितलं. “आज बुधवार आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा घुसळायला लागल्या. नणंदेने मान खाली घातली. मला हसू आलं, पण लोणी अजून आलं नव्हतं. त्यांचे दंड थरथरत होते. मी मनात लोण्याला म्हणत होते, ये बाई, ये आता, या बाईचं घर तुझ्या हातात आहे.

त्यांनी बर्फाचे खडे मागितले. मी ते भांड्यासकट उंबऱ्यावर ठेवले, त्यांनी वर पाणी शिंपडून घेतले. थोड्या वेळाने रवीचा आवाज बदलला. आधी सपसप होता, आता जड, डबडब असा येऊ लागला. सासूबाईंनी डोळे मिटले होते. त्या आवाज ऐकत होत्या. मग पातेल्यात हात घालून त्यांनी लोण्याचा गोळा बाहेर काढला, पांढराशुभ्र, माझ्या दोन मुठींएवढा. नणंदेने सोडलेला श्वास मला ऐकू आला. तिलाही आई जिंकायला हवीच होती, फक्त तिचा भरवसा उरला नव्हता.

लोणी पाण्याने धुऊन त्यांनी जाड बुडाच्या कढईत घातलं आणि बारीक गॅसवर ठेवलं. शेजारी विड्याचं पान तयार. तूप झालं की शेवटी त्यात पान सोडायचं; ते तडतडून कुरकुरीत झालं म्हणजे तूप उतरवायचं. सासूबाई स्टुलावर बसल्या, पाठ भिंतीला टेकली आणि पुन्हा डोळे मिटले. कढईतून बारीक तडतड येत होती. लोण्यातलं पाणी आटेपर्यंत ती येते, आटलं की थांबते.

बाहेरच्या खोलीत नणंद महालक्ष्म्यांना साडी नेसवायला लागली. एकीने खांद्याशी धरल्याशिवाय निऱ्या बसत नाहीत, म्हणून तिने मला हाक मारली. मी उठून गेले. साडी नेसवून, दागिने घालून होईपर्यंत बाहेर आभाळ भरून आलं. वाऱ्याचा एक झोत सगळ्या घरातून गेला आणि दरवाजे आपटले. कॅलेंडरची पानं फडफडली. आम्ही दोघींनी मुखवटे घट्ट धरले.

“झालं बघा तूप. आवाज थांबला,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय होता.

मी दाराशी आले आणि थबकले. गॅसचा वास येत होता. खिडकी उघडी असूनही ओट्याजवळ चांगलाच होता. सासूबाई कढईपाशी उभ्या होत्या. त्यांनी विड्याचं पान तुपात सोडलं. पान तडतडलं नाही. ते पिवळट गढूळ तुपावर तसंच हिरवंगार पडून राहिलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी कढईखाली बघितलं. ज्योत नव्हती. वाऱ्याने विझली होती, आणि त्यांना ऐकू आली ती शांतता तूप झाल्याची नव्हती, कढई थंड पडत चालल्याची होती.

त्यांनी घाईने लायटर उचलला.

मी उंबरा ओलांडून कधी आत गेले मला कळलं नाही. मी त्यांचं मनगट धरलं, नुसतं धरलं नाही, पिरगाळलंच म्हणायला हवं. लायटर खाली पडला. दुसऱ्या हाताने मी खटका बंद केला, मग सिलेंडरही. रेशमी सोवळ्यातली बाई, हातात लायटर, आणि ओट्यावर पसरलेला गॅस. आजही गॅस पेटवताना मला तेच दिसतं.

मी ओवळी, बसने आलेली, आणि त्यांना सोवळ्यात शिवले होते. मी बोलणी खायला तयार झाले. पण त्या मनगट चोळत माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“येतोय का गं वास?” त्यांनी हळूच विचारलं.

“आई, तुम्हाला येत नाहीये?”

त्यांनी मान हलवली. मला एकदम सगळं कळलं. बटाटे, करपलेलं पातेलं, उघड्या खिडक्या. आणि ते रोजचं सोवळं. देवाच्या अन्नाचा वास घेऊ नये, या नियमाआड ही बाई महिनोन्महिने लपून बसली होती, कारण नियम मोडून ‘हुंगून बघा’ म्हणण्याची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

तोवर नणंद दाराशी आली होती. तिने वास घेतला, बंद खटका बघितला आणि तिचा चेहरा पडला. “परत विसरली ना?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “वहिनी, आता तू काही बोलू नको. आता बस्स झालं.”

“ज्योत वाऱ्याने विझली,” मी म्हणाले. “वन्सं, आई विसरल्या नाहीत. त्यांना—”

“मला वास येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पौषात ताप आला होता ना, तेव्हापासून. उदबत्तीचा नाही, फोडणीचा नाही, कशाचाच नाही. डॉक्टरकडे जाऊन आले मी एकटी. म्हणाले, यायचा तर परत येईल, सांगता येत नाही.”

नणंद तिथेच उंबऱ्यावर बसली. “आणि तू सांगितलं नाहीस?”

“तू कधी विचारलंस? तू वार विचारायचीस. मी वार सांगायची.”

त्यावर नणंद रडायला लागली. आधी मला वाटलं दुःखाने, पण ती रडता रडता हसत होती. इतके महिने जिची धास्ती घेतली होती ते दुखणं नव्हतंच. तिची आई तिला कधी ओळखेनाशी होणार नव्हती. ती आत आली आणि सोवळ्याओवळ्याचा विचार न करता आईच्या गळ्यात पडली. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या, मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी सोवळं पुरतं बुडालं. त्यांनी पुन्हा आंघोळ केली, मी तासभर घर वाऱ्याला सोडलं, आणि मग खिडकी लावून गॅस पेटवला. तूप पुन्हा चढलं. मी ओट्यापाशी उभी होते आणि मला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही. पान या वेळी तडतडलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत नणंदेने सगळा बंदोबस्त ठरवून टाकला होता. माझा नवरा सकाळीच देवासहून आला होता, त्यालाही पटलं. बिजलीचा चूल्हा घ्यायचा, सिलेंडर ती पीथमपुरला घेऊन जाणार, फ्रिजमधलं दूध खालच्या भाभी रोज सकाळी बघून जातील. आईने धारलाच राहायचं. “शर्त तू जिंकलीस आई,” ती म्हणाली. “वाऱ्याने विझलं ती काही तुझी चूक नाही. आता मी परत हा विषय काढणार नाही. प्रॉमिस.” मी पण जोरजोरात मान हलवली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

नैवेद्य झाला, पानं मांडली. सासूबाई वाढायला आल्या. त्यांनी माझ्या पोळीवर तूप घातलं आणि पळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

“आता नैवेद्य झालाय,” त्या म्हणाल्या. “वास घे आणि सांग मला, कसं झालंय.”

मी पोळी नाकाजवळ नेली. वास सांगायचा कसा, मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, “खमंग आहे. बेरी लाल झाली तेव्हाचा वास आहे, पण करपट नाही. आणि मागून पानाचा येतोय, किंचित तिखट.”

“आंबूस?”

“जराही नाही.”

त्यांनी मान डोलावली. मग त्या मुलाच्या पानाकडे वळल्या, त्याच्या पोळीवर तूप घातलं आणि सहज म्हणाल्या, “विसर्जन झालं की मी तुमच्याबरोबर येते. देवासला.”

आम्ही तिघांनी एकदम वर बघितलं. “अगं पण तू जिंकलीस ना?” नवरा म्हणाला. “आता कुणी तुला चल म्हणत नाहीये.”

“जिंकले म्हणूनच येते. वेडी झाली म्हणून नेत होतात, तसं मला यायचं नव्हतं. आता वास येत नाही म्हणून येते.” त्यांनी पळी भांड्यात ठेवली. “जानेवारीपासून मी खिडक्या उघड्या टाकून निजते. थंडीत सगळ्या गोधड्या अंगावर घेऊन, पण खिडक्या उघड्या. दिवसातून किती वेळा त्या खटक्याला हात लावून बघते, माझं मला माहीत. तुम्ही चूल्हा बदला, सिलेंडर न्या, तरी मला घरात काय चाललंय ते कळणार नाहीच. इथे एकटीला फार भीती वाटते रे मला.”